काठीची वाट पाहणारा रस्ता

मित्रांनो, तुमच्या घरासमोर असतो ना, तसाच मी एक जुना रस्ता. लांबी जेमतेम तीनशे पावलं. एका टोकाला रेडिओकाकांचं घर, दुसऱ्या टोकाला त्यांच्या मित्राचं सलून. मध्ये एक मोठं झाड आणि खड्डेच खड्डे.

सुरुवातीला मी काळाभोर, गुळगुळीत होतो. मुलं माझ्यावर खडूने घरं आखून खेळत. "रस्ता असावा तर असा!" असं येणारे-जाणारे म्हणत. पुढे आज नळासाठी, उद्या तारांसाठी लोकांनी मला खणलं, वर माती लोटली आणि ते निघून गेले. मग कौतुकाऐवजी शिव्या ऐकू येऊ लागल्या.

फक्त रेडिओकाकांनी मला कधी नावं ठेवली नाहीत. त्यांनी आयुष्यभर लोकांचे रेडिओ दुरुस्त केले. साठीत त्यांची दृष्टी गेली. तरी रोज सकाळी काठी टेकत ते मित्राकडे गप्पा मारायला जात. ती टकटक ऐकली की माझा दिवस सुरू होई.

एकदा मला नवं करायला आलेल्या पालिकेच्या इंजिनिअरबाईंनी झाडाखाली सगळ्या रहिवाशांना बोलावलं.

"काम दोन महिने चालेल," त्या म्हणाल्या. "धूळ उडेल, आवाज होईल, दुपारी दोन तास पाणी बंद राहील. पण एका वेळी अर्धाच रस्ता खणू, चालायला वाट ठेवू. जुनं डांबर फेकणार नाही, तेच खरवडून, तापवून पुन्हा वापरू. कडेला झाडं लावू, म्हणजे पावसाचं पाणी तिथेच जिरेल. या मोठ्या झाडाच्या मुळांना हात लावणार नाही."

"आणि माझे खड्डे?" रेडिओकाकांनी विचारलं. लोक खो खो हसले.

"ते बुजवणार, काका."

"मग मी सलूनला कसा जाऊ, बाई? झाडानंतरच्या तिसऱ्या खड्ड्याशी डावीकडे वळलं की दार येतं."

बाईंनी वहीत काहीतरी टिपून घेतलं.

काम सुरू झालं. दुसऱ्याच आठवड्यात कुणीतरी चालायच्या वाटेवर खडीचा ढीग ओतला. काका त्याला अडखळून पडले, गुडघा फुटला. त्यांच्या सुनेने बाईंना गाठून चांगलं खडसावलं. संध्याकाळच्या आत ढीग हलला, पण काका काही बाहेर पडेनात.

"नको गं," ते खिडकीतून सुनेला म्हणाले, "तो रस्ता आता माझ्या ओळखीचा राहिला नाही."

मित्रांनो, ते शब्द मला यंत्राच्या दातांपेक्षा जास्त लागले. दिवसभर माझ्यावर रोलर घरघरत असे आणि मी त्या आवाजातून एक काठी शोधत असे.

मी नवा झालो. पाऊस आला, पण पाणी कुठे तुंबलं नाही. सगळी वस्ती मला बघून गेली. काका आले नाहीत.

शेवटी एका सकाळी सलूनवाला मित्र दुकान उघडं टाकून त्यांच्या दारात आला. बरोबर इंजिनिअरबाई होत्या.

"अरे, दाढी बघ केवढी वाढलीय! चल."

"इथेच कर की."

"आमची शाखा कुठेही नाही. चल म्हणतो ना!"

काका उंबऱ्याबाहेर आले. काठी टेकली, पुढे फिरवली. ओळखीचं काहीच लागेना. "हा आपला रस्ता नाही," ते पुटपुटले. काका, मीच तो! माझंच जुनं डांबर पुन्हा इथे आहे! पण रस्त्याला तोंड कुठलं?

"काका, काठी जरा उजवीकडे," बाई म्हणाल्या. कडेच्या नव्या पदपथावर खाचांच्या फरशांची एक पट्टी होती. "उभ्या रेघा लागतील तोवर सरळ चला. गोल ठिपके लागले की वळा."

काका निघाले. एकेक पाऊल जपून, मग जरा भरभर. ठिपके लागले. ते वळले. मित्राने पुढे धावत जाऊन दार धरून ठेवलं होतं.

आता ते पुन्हा रोज येतात. पण एखाद्या दिवशी काठी मध्येच थांबते. पट्टीवर कुणाची तरी स्कूटर उभी असते. काका चाचपडतात, थोडा वेळ उभे राहतात आणि माघारी जातात. मला जाऊ नका म्हणता येत नाही.

मित्रांनो, मला नवं करायला दोन महिने लागले. माझी वाट अडवायला एक क्षण पुरतो. म्हणून गाडी लावण्याआधी जरा खाली बघा. पलीकडे कुणीतरी खुर्ची झटकून, दाराशी कान देऊन उभं असतं.