हत्ती, उंट आणि आमचं माणूस

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे, आणि भित्रा आहे. हसू नका. नको ते कानावर आलं की तुम्ही कानांवर हात ठेवता. मी काय ठेवू? मला तर सगळं ऐकावंच लागतं, आणि ज्याच्या कानांवर बसलोय त्याला ऐकवावंही लागतं.

माझा जन्म कारखान्यातला. एका बाईनं मला डोक्याला लावून माझ्या माइकच्या दांडीत “हॅलो, हॅलो” केलं, स्वतःचाच आवाज ऐकून मान हलवली आणि मला खोक्यात घातलं. तिथून मी आलो तो थेट चष्मेवाल्याच्या टेबलावर.

चष्म्यांचं दुकान त्याच्या थोरल्या बहिणीचं. सगळी गल्ली तिला ताई म्हणायची. पुढे काउंटरवर ताई, मधे फळ्यांची भिंत, मागे चष्मेवाला आणि काचा घासायचं मशीन. त्याच्याही मागे एक खोली, तिथे भाडेकरू राहायचा. भाडेकरू बेकरीत पाव भाजायचा, दुपारी घरी यायचा. येता येता चष्मेवाल्याच्या कानावरून मला हळूच सरकवून काहीतरी कुजबुजायचा, आणि त्याच्या बोटांचं पीठ माझ्या डाव्या कानात जायचं. भाडेकरू कानात कुजबुजत नाहीत, एवढं मला हेडफोन असूनही कळत होतं.

काम नसलं की चष्मेवाला कॉम्प्युटरवर बुद्धिबळ खेळायचा. जोडीदार कुठल्याशा दूरच्या गावातला, कधी न पाहिलेला. तो सुरुवातीलाच हत्ती बाहेर काढायचा, म्हणून त्याचं नाव हत्ती. चष्मेवाल्याचा जीव उंटावर, म्हणून हा उंट. दोघं खेळायचे कमी आणि बडबडायचे जास्त. चष्मेवाल्याचे वडील वारले तेव्हा हत्तीनं पट मांडलाच नाही. तो नुसता पलीकडे बसून राहिला. “बोलू नकोस, मी आहे,” एवढंच म्हणाला. मी तेव्हा अभिमानानं फुगलो होतो.

चष्मेवाल्याची बोलण्याची एक खोड होती. तो म्हणायचा, “आमचं माणूस दमून आलंय. आमच्या माणसाला सर्दी झालीय.” आपल्या भाषेची ही मोठी सोय आहे बघा. ‘तो’ म्हणायला नको, ‘ती’ म्हणायला नको. हत्ती म्हणायचा, “वहिनींना नमस्कार सांग.” चष्मेवाला नुसतं “हं” करायचा. त्या “हं”च्या वेळी त्याचे कान गरम व्हायचे.

एका दुपारी तो जिंकत आला होता. खुशीत होता. मागच्या दाराची कडी वाजली आणि तो बोलून गेला, “थांब रे, आला वाटतं.”

“कोण आला?” हत्तीनं विचारलं.

मित्रांनो, एका अक्षराचा काना आणि माझी तार थंड पडली. दूधवाला म्हण, पोस्टमन म्हण, मी मनात ओरडत होतो. पण चष्मेवाला बहुधा लपवून लपवून थकला होता. तो म्हणाला, “आमचं माणूस.”

हत्ती आधी हसला. “म्हणजे? वहिनी?”

“वहिनी नाहीत. कधीच नव्हत्या.”

“म्हणजे तू... तसला?”

“हो.”

“शी! आणि इतकी वर्षं माझ्या कानाशी बोलत होतास? उंट तो उंटच. तिरका!”

“हत्ती, मी कालचाच आहे रे.”

“गप्प बस. माझ्या आईचा चष्मा करून पाठवलास ना, त्या पार्सलवर तुझ्या ताईचा नंबर आहे. कळू दे तिलाही, घरात काय पोसलंय ते.”

हे सगळं माझ्यातून गेलं. मला ते अडवता आलं नाही. चष्मेवाल्याच्या कानांना घाम फुटला, माझ्या गाद्या ओल्या झाल्या.

त्या दिवसापासून मी खिळ्यावर लटकलो आणि आम्ही दोघंही घाबरत राहिलो. काउंटरवरचा फोन वाजला की चष्मेवाल्याचा हात थांबायचा. ताई “हॅलो” म्हणाली की तो श्वास धरायचा. गिऱ्हाईकच आहे हे कळलं की सोडायचा. एका म्हाताऱ्या गृहस्थांची डावी काच त्यानं उजवीकडे बसवली. ताई ओरडली, “लक्ष कुठंय तुझं?” तो पांढराफटक पडला.

“आपणच सांगून टाकू,” भाडेकरू म्हणाला.

“आणि तिनं चालते व्हा म्हटलं तर?”

“मला भट्टी कुठेही मिळेल.”

“मला ताई कुठे मिळेल?”



मग ती दुपार आली. दोघं मागे जेवायला हात धूत होते. ताई एक फ्रेम शोधायला आत आली आणि कॉम्प्युटर वाजू लागला. तिनं कुठलंसं बटण दाबलं आणि मला खिळ्यावरून काढून डोक्यावर घातलं. उलटं! माझी दांडी तिच्या कपाळावर.

“काय रे तिरक्या,” हत्ती गरजला, “सांगितलंस का ताईला? की मीच सांगू?”

माझी तार तुटावी असं मला वाटलं.  ताईनं मला सरळ केलं, दांडी तोंडाशी ओढली.

“ताईच बोलतेय. सांगा.”

पलीकडे खाकरणं झालं. “अं... म्हणजे तुमच्या घरात तो जो राहतो ना...”

“राहतो की. आमचं माणूस आहे ते.” ताईचा आवाज शांत होता, पण माझी तार तिनं बोटाभोवती करकचून गुंडाळली होती. ते फक्त मला ठाऊक. “तुमच्या आईंना चष्मा नीट बसला ना? सैल झाला तर पाठवून द्या. माझ्या भावाचं काम चोख असतं. आणि पुन्हा इथे ओरडायचं नाही.”

तिनं मला काढलं. दारात चष्मेवाला उभा होता, हातांना साबण तसाच.

“फळीची भिंत आहे मधे,” ताई म्हणाली. “सगळं ऐकू येतं. बायको असती तर ‘ही’ म्हणाला असतास, गाढवा. आमचं माणूस म्हणजे काय, मला कळत नाही? वाट बघत होते तू कधी सांगतोस त्याची.”

“भीती वाटत होती.”

“कुणाची?”

“तुझीच.”

ताई स्टुलावर बसली. तिनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, “हात धुवा नीट. जेवायला मीही बसणार आहे आज. तिघांचं पुरेल ना?”

“पुरेल,” आतून भाडेकरू म्हणाला, आणि तिसरं ताट मांडल्याचा आवाज आला.

हत्तीचा फोन पुन्हा आला नाही. चष्मेवाला कधी कधी पट मांडून नुसता बसतो, आणि मला ती शांतताही ऐकावी लागते. काउंटरवरचा फोन वाजला की तो अजून दचकतो. मीही दचकतो. भीती एका दुपारीत जात नाही, मित्रांनो.

आता माझी दांडी चिकटपट्टीवर तगून आहे. माझी तार करकचून गुंडाळू नका, मला आपटू नका, हे तर मी सांगेनच. पण आणखी एक ऐका. माझ्यात बोलाल तेव्हा तुमचं तोंड थेट कुणाच्या तरी कानाशी असतं, मग तो माणूस कितीही दूर असो. हे तेवढं लक्षात ठेवून बोला.

आणि मला पुसायला घेतलंत, तर उजवा कान खुशाल पुसा. डाव्यातलं पीठ राहू द्या.