विसावी पायरी

दुसऱ्याने दाखवलेली चूक मनुष्य मुकाट्याने सोसतो; परंतु जी चूक आपल्याखेरीज कोणीच पाहिलेली नाही, ती सोसणे फार कठीण. तिच्यापुढे आरोपी आपण, साक्षीदार आपण आणि न्यायासनावरही आपणच. गवंडीकामात चाळीस वर्षे घालवलेल्या एका सज्जनावर असा प्रसंग एका सकाळी साडेनऊ वाजता गुदरला.

त्याच्या हातून भिंत कधी तसूभर कलली नव्हती. म्हणून, भिंत सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी दोरीला टांगतात त्या वजनावरून, लोक त्याला ‘ओळंबा’ म्हणू लागले आणि मूळ नाव कागदोपत्रीच उरले. धाकट्या बहिणीच्या घराला त्याने नुकताच नवा जिना बांधला होता. बहिणीने पन्नाशी ओलांडली होती, तरी त्याच्या तोंडी ती अजून चिमीच. कारखान्यातली नोकरी सोडून तिने माडीवर शिवणवर्ग काढायचे ठरवले होते. अठरा यंत्रे मांडून झाली होती, सोमवारपासून बायका येणार होत्या. राहिली होती ती नगरपालिकेची परवानगी, आणि त्यासाठी तपासणीस बाई अकरा वाजता यायच्या होत्या. आज नकार मिळाला, तर पुढची तारीख केव्हा मिळेल याचा नेम नव्हता.

जिना धुऊन काढावा म्हणून ओळंबा पाण्याची बादली घेऊन वर निघाला. एकोणीस पायऱ्या पाय आपसूक पडत गेला आणि विसावीला अंगठा अडखळला. बादली हिंदकळली, पाणी पायरी पायरी उतरत अंगणात गेले. त्याने टेप लावला. खालच्या साऱ्या पायऱ्या साडेचौदा सेंटिमीटर उंच, शेवटची साडेसतरा.

चूक कुठे झाली हे त्याला तत्क्षणी उमगले. त्याने आखणी माडीच्या उघड्या स्लॅबपर्यंत केली होती. मागाहून वर जाड फरशी बसली, तिच्याखाली सिमेंट-वाळूचा मसाला आला, आणि ती जाडी धरायची राहून गेली. नवशिक्याला पहिल्याच आठवड्यात सांगतात ती गोष्ट! जन्मभर दोरीला ओळंबा टांगणाऱ्याचा जीव आता टांगणीला लागला.

त्याने बहिणीला सांगितले, तेव्हा ती आधी हसली.

“तीन सेंटिमीटर? दादा, एवढी तर मी परकराला दुमड घालते.”

त्याने तिला नियम समजावला. नुसते राहते घर असते तर पायरीला एकोणीस सेंटिमीटर उंचीपर्यंत मुभा होती. पण दुकान असो की वर्ग, जिथे परकी माणसे ये-जा करणार, तिथे पंधराच्या वर नाही, आणि पायऱ्या सगळ्या एकसारख्या. त्यावर तिने ‘जपून चढा’ अशी पाटी लावण्याचा उपाय सुचवला. मग तिचा आवाज उतरला. बाई जेवढे मोजतील तेवढेच मोजू देत, तू मात्र तोंड उघडू नकोस, असे तिने परोपरीने विनवले. ओळंबा बादली पुन्हा भरून जिना धुऊ लागला.

बाई पंधरा मिनिटे आधीच आल्या. वयाने तरुण, कामाला चोख. जिन्याची रुंदी, कठड्याची उंची, दार बाहेर उघडते की नाही, सारे पाहून त्या कागदावर खुणा करत होत्या. प्रत्येक खुणेसरशी चिमी सुटकेचा श्वास टाकी. पायऱ्यांपैकी त्यांनी खालच्या तीन मोजल्या, मधल्या दोन मोजल्या आणि टेप मिटला.

“बाकीच्या अशाच ना, काका? तुमच्या कामाचं नाव ऐकलंय मी.”

लेखणी कागदावर टेकली. वर उभी असलेली चिमी गळ्यातली मोजपट्टी बोटाभोवती करकचून गुंडाळत होती. ओळंब्याने वरच्या पायरीकडे पाहिले. घरचा मनुष्य आपल्या वाकड्या पायरीला सरावतो. इथे रोज नवा पाय येणार, हातात कापडाचा गठ्ठा, लक्ष गप्पांत.

“शेवटची मोजा, बाई,” तो म्हणाला.

बाईंनी मोजली, पुन्हा मोजली. “मी हिला टेप लावलाच नसता, काका.”

“म्हणून तर सांगितलं.”

त्यांनी कागदावर ‘अमान्य’ लिहिले. मग सांगितले, की दोष एकच असल्याने पुढच्या गुरुवारी त्या पुन्हा येऊ शकतील; मात्र तोवर एकाही बाईला वर आणायचे नाही. गुरुवारीही फरक निघाला, तर अर्ज रद्द.

शेवटच्या पायरीची चूक सुधारायला पहिलीपासून सुरुवात करावी लागते. विसावी म्हणजे माडीची फरशीच; तिच्या खालच्या एकोणीसही लाद्या काढायच्या आणि प्रत्येक लादी आधीच्या लादीपेक्षा अर्ध्या सुताने, म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटरने, अधिक उचलून बसवायची. ओळंबा छिन्नी घेऊन तळाशी बसला. दिवस मोजके होते, आणि ज्या डोळ्यांनी एकदा दगा दिला, त्यांच्यावरच भिस्त होती.

सोमवार रद्द झाल्याचे अठरा जणींना कळवून चिमी खाली आली. “चाळीस वर्षं सरळ राहिलास. एक दिवस वाकला असतास तर काय बिघडलं असतं रे?”

तो छिन्नी चालवत राहिला. ती आत निघून गेली. बऱ्याच वेळाने परतली तेव्हा तिच्या हातात कापडावर आखायचा खडू होता.

“हा घे. तुझ्या पेन्सिलीच्या खुणा दिसत नाहीत मला,” ती म्हणाली आणि टेपाचे दुसरे टोक धरून बसली. “आता मी वाचते, तू लिही. तुझ्या एकट्यावर विश्वास नाही ठेवायचा.”

गुरुवारी काय होणार, ते दोघांनाही ठाऊक नव्हते. त्या दोघांच्या हातांना यश येवो. आणि त्या जिन्याने वर जाणाऱ्या कोणालाही आपल्या पावलाकडे पाहण्याची गरज न पडो.