स्वतः उठणाऱ्यांचा पाट

मित्रांनो, मी पाट. जेवायला बसायचा, सागवानी, जुना; पण जुनाट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आजकाल तुम्ही मुलं मला भाऊबीजेला नाहीतर पूजेच्या दिवशी पाहता आणि काम झालं की भिंतीला टेकवून मोकळे होता. तेव्हा या लाकडाला काय कळतंय, असं तुम्हाला वाटलं तर त्यात नवल नाही. पण झाशीतल्या एका घराच्या चार पिढ्या माझ्यावर बसल्या आणि माझ्यावरून उठल्या. कोण भुकेपुरतं जेवतो, कोण जिभेपुरतं, आणि कोणाचे गुडघे आतून कुरकुरतात, हे मला डॉक्टरच्या आधी कळतं. ही बढाई नव्हे. ज्याच्या पाठीवर माणूस बसतो, त्याला माणूस कळायचाच.

माझं लाकूड रेल्वेचं आहे. झाशीला रेल्वेचा कारखाना नवा होता, तेव्हाची गोष्ट. मोडीत निघालेल्या एका डब्यातल्या बाकाची मी फळी. माणसांना वाहून नेणं मला नवीन नव्हतं. रेल्वेतले कारकून बापूराव यांनी मला लिलावातून घरी आणलं. बापूरावांचे वाडवडील कारभार पाहायला दक्षिणेतून इकडे आले होते. सत्तावनच्या बंडानंतर कारभार गेला, मानपानही गेला. घरात उरलं ते मराठी बोलणं आणि पंगतीची शिस्त. मनीराम मिस्त्रींनी मला रंधा मारला, खाली दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या, कोपऱ्यांत पितळी फुलं बसवली आणि मला थोपटून म्हटलं, "पंडितजी, जो पटा तुमाए नातियन लों चलहै." नातवंडांपर्यंत चालेल, असं म्हणाले ते. मी त्यांच्या अंदाजाच्या पुढे निघालो.

बापूरावांचं जेवण म्हणजे पाहण्यासारखी गोष्ट होती. दिवेलागणीला जेवायचे. मांडी घालून ताठ बसायचे, घास सावकाश चावायचे आणि अर्ध्या पोळीची भूक असतानाच हात आवरता घ्यायचे. मग जमिनीला हात न टेकता उठायचे. "हात टेकला की म्हातारपणाला दार उघडलं," असं ते म्हणत. उठले की शतपावलीला खंडेराव गेटपर्यंत जाऊन यायचे, मग बाहेर उन्हाळ्याची लू, म्हणजे भाजणारा वारा, असो की माघातली थंडी. नव्वदी ओलांडून गेले. गेले त्या आठवड्यातही माझ्यावर बसून वरणभात जेवले आणि आपले आपण उठले. सगळं श्रेय मी घेणार नाही. थोडं त्यांच्या आईवडिलांचं, थोडं देवाचं. पण माझा वाटा मी सोडणारही नाही.

आता गोष्ट त्यांच्या नातवाची, यज्ञेश्वररावांची. माणूस भला. बँकेत जन्म काढला, प्रेम नगरात घर बांधलं आणि जुन्या घरातून मला आठवणीने बरोबर नेलं. नोकरीत होते तोवर माझ्यावर बसायचेही. निवृत्त झाले आणि घरातल्या सगळ्यांना त्यांचा मान ठेवायची हौस आली. आपल्या घरांत मान ठेवायचा म्हणजे काय करतात, तुम्हाला ठाऊक आहे. "बसा, तुम्ही बसा." पाणी हातात, चहा हातात, पेपर हातात, चष्मा नाकावर चढवायचा तेवढा बाकी. पोळी वाढताना "एकच, माझ्यासाठी" हा आग्रह वेगळाच. त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई या कामात सगळ्यांच्या पुढे. माया होती हो ती, खोटं कशाला बोलू? पण त्या मायेनं माणूस पार बसून गेला.

हे उघडं पडलं ते नानासाहेबांच्या घरच्या पंगतीत. नानासाहेब म्हणजे यज्ञेश्वररावांचे चुलतभाऊ. त्यांच्या नातवाची मुंज होती. झाशीत मराठी घरं मोजकी, त्यामुळे कार्य कोणाकडेही असो, पाट सगळ्यांचे जातात. माझ्या पोटावर तेलरंगात घराचं नाव लिहिलंय, म्हणून मी हरवत नाही. तसा मीही गेलो होतो आणि योगायोगानं यज्ञेश्वररावांच्याच वाट्याला आलो. त्या दिवशी पंगतीत वयानं तेच मोठे होते. आणि आपला रिवाज असा, की पंगतीतला वडीलधारा उठल्याशिवाय कोणी उठायचं नाही.

जेवणं झाली. हात वाळायला लागले. यज्ञेश्वररावांनी उठायचा एक प्रयत्न केला. मला तो कळला, कारण मी खालून डगमगलो. बाकी कोणाला कळला नाही. उठता येईना. मग त्यांनी काय केलं असेल? हाक मारली, "जरा ताकभात आणा हो!" ताकभात संपला. पुन्हा एकदा जोर लावला, पुन्हा नाही जमलं. "मठ्ठा आहे का थोडा?" मग जिलबी. अब्रूसाठी माणसं काय काय करतात, पण अब्रूसाठी पोट फुटेस्तोवर खाणारा माणूस मी तेव्हाच पाहिला. सगळी पंगत वाळलेले हात घेऊन त्यांच्याकडे बघत बसलेली! शेवटी शेजारून बोलावलेल्या वाढप्यानं विचारलंच, "काय कक्का, उठत नईं बन रओ का?" म्हणजे, काका, उठणं जमत नाहीये का? कोणीतरी फस्सकन हसलं. नानासाहेबांच्या मुलांनी दोन्ही बगलांत हात घालून त्यांना उचललं, पोतं उचलावं तसं. त्यांचे कान लाल झाले होते. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. मी हलणारा असतो तर त्यांना अलगद वर उचललं असतं.

त्यानंतर घरात जेवणाचं टेबल आलं. मी कूलरखाली गेलो. झाशीचा उन्हाळा म्हणजे काय, ते तिथं राहिल्याशिवाय कळत नाही. सगळं घर कूलरसमोर बसायचं आणि कूलर माझ्यावर. वरून पाणी ठिबकायचं. पितळी फुलं हिरवी पडली. दुसरं लाकूड असतं तर कुजलं असतं, पण मी रेल्वेचा, मला काय होतंय! तिथून मी यज्ञेश्वररावांना पाहत होतो. खुर्चीतून दिवाणावर, दिवाणावरून खुर्चीत. टीव्ही चालू आणि पुढ्यात फरसाण. पोट सुटलं, साखर वाढली, गेटपाशी दूधवाल्यापर्यंत जाऊन आलं तरी धाप लागायला लागली. जमिनीवर बसणं तर त्यांनी मनातूनच काढून टाकलं होतं.

तेवढ्यात त्यांची मुलगी लीला तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी आली. बाळाचं नाव बकुळा. तीन महिन्यांनी तिचं उष्टावण आजोळी करायचं ठरलं. उष्टावण म्हणजे बाळाच्या तोंडात अन्नाचा पहिला घास घालायचा. या घरात तो घास आईच्या वडिलांनी, पाटावर बसून, बाळाला मांडीवर घेऊन भरवायचा असतो. लीलाला तसाच प्रमोदिनीबाईंच्या वडिलांनी भरवला होता, या घरी येऊन, माझ्यावरच बसून.

यज्ञेश्वरराव म्हणाले, "नानाला बोलाव. तो बसेल पाटावर."

"बाबा, तुम्ही खुर्चीत बसून भरवा ना. कोई बात नहीं," लीला म्हणाली.

"चार लोकांत खुर्चीवर? नको. आणि पाटावर बसलो तर मुलीला घेऊन उठायचं कसं? पुन्हा ते पोतं उचलणं नको मला. माझ्या मांडीचं काय एवढं? मांडी नानाचीही आहे."

असं म्हणून त्यांनी बाळाकडे पाठ फिरवली. नात आपली, पहिला घास आपला, आणि मांडी दुसऱ्याची! प्रमोदिनीबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी लाटणं ठेवलं, बाहेर आल्या, कूलर बाजूला ढकलला आणि मला ओढून काढलं.

"अहो, तुमच्या मांडीवरची नात मी दुसऱ्याच्या मांडीवर देणार नाही. बसा म्हणून म्हणून मीच तुमचं हे करून ठेवलं. आता पुरे! उद्या डॉक्टरकडे चला."

डॉक्टरांनी गुडघे दाबून, हलवून, वाकवून पाहिले. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले साधे डॉक्टर ते. म्हणाले, "बाबूजी, घुटने अभी बहुत चलेंगे. आदत बिगड़ी है, बस. रोज़ उठिए-बैठिए, पर धीरे-धीरे. दर्द हो तो रुक जाइए, ज़िद मत कीजिए." गोळ्या दिल्या त्या साखरेच्या. उठण्याबसण्याची गोळी अजून निघालेली नाही.

मग त्या घरात जे सुरू झालं, ते पाहायला तुम्ही हवे होता. प्रमोदिनीबाईंनी फर्मान काढलं, की यांच्या हातात कोणी काही द्यायचं नाही. तहान लागली? माठ स्वयंपाकघरात आहे. पेपर? दाराशी पडलाय. "एकच, माझ्यासाठी" हे वाक्य पोळीच्या डब्यात बंद झालं. फरसाणाच्या जागी काकडी आली. पहिल्या दिवशी यज्ञेश्वरराव रागावून बसले आणि बसल्या बसल्या तहानले. शेवटी उठले बिचारे.

सकाळी उन्हं चढायच्या आत उठबस. थेट माझ्यावर नाही. आधी उंच स्टूल, मग चौरंग, आणि चौरंगावरून उठणं सोपं झालं तेव्हा मी. सुरुवातीला ते प्रमोदिनीबाईंचा हात धरून उठत, मग भिंतीचा आधार घेत, मग नुसता स्वतःच्या गुडघ्यावर हात. एखाद्या दिवशी धपकन परत खाली बसत. तेव्हा लीला धावत यायची. प्रमोदिनीबाई तिला दारातच अडवायच्या. नवऱ्याला धडपडताना पाहून त्यांचे स्वतःचे डोळे भरायचे, तरी पाय जागचा हलू द्यायच्या नाहीत. संध्याकाळी लवकर जेवण आणि नंतर दोघं बाहेर फिरायला. पहिल्यांदा गल्लीच्या टोकापर्यंतच. आणि नीट झोप. ज्यांना रात्री जागून टीव्ही बघायची सवय, त्यांना हेच सगळ्यांत जड गेलं, असं मला वाटतं.

मी त्यांना खालून रोज तोलत होतो. आधी सगळा भार एका अंगावर यायचा. हळूहळू तो दोन्हीकडे सारखा पडायला लागला. वजन थोडं उतरलं, पण ताकद चढली. माझी तर खात्रीच पटली होती. त्यांची मात्र अजून पटायची होती.

उष्टावणाचा दिवस आला. मला चिंचेनं घासलं, भोवती रांगोळी काढली. पितळी फुलं पुन्हा पिवळी झाली. नानासाहेब सहकुटुंब आले होते, शेजारीपाजारी होते. नानासाहेबांनी हळूच विचारलं, "मी बसू का?" यज्ञेश्वररावांनी धोतर सावरलं आणि ते माझ्यावर मांडी घालून बसले. लीलानं बाळ मांडीवर ठेवलं. सोन्याच्या अंगठीनं खिरीचा थेंब ओठाला लावला, तेव्हा बकुळानं तोंड वाकडं केलं, मग चाटलं, मग आणखी मागायला तोंड उघडलं. सगळे हसले. इथवर सगळं सोपं होतं.

आता उठायचं. लीला बाळ घ्यायला वाकली, तर यज्ञेश्वरराव म्हणाले, "राहू दे. देवाला नमस्कार करायला मीच नेतो तिला." नानासाहेबांची मुलं पुढे सरसावली. सवयच ती! प्रमोदिनीबाई मध्ये उभ्या राहिल्या.

"कुणी हात लावायचा नाही."

यज्ञेश्वररावांनी बाळाला डाव्या हातानं छातीशी धरलं. उजवा हात गुडघ्यावर ठेवला. एक पाय पुढे घेतला. मी श्वास रोखून धरला, म्हणजे लाकडाला जेवढा रोखता येतो तेवढा. भार एका बाजूला गेला, कलला, मला वाटलं आता बसतात. मग तो सावरला, दोन्ही पावलांवर आला, आणि माझी पाठ रिकामी झाली. ते उभे होते. बकुळा त्यांचा चष्मा ओढत होती. ते कोणाकडे न बघता नीट चालत देवघरापर्यंत गेले. नानासाहेब टाळ्या वाजवायला लागले, आणि प्रमोदिनीबाई पदरात तोंड लपवून रडल्या.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठंतरी माझा एखादा भाऊबंद असेल, माळ्यावर नाहीतर पलंगाखाली. त्याला बाहेर काढा, पुसा. रोज एक तरी जेवण खाली बसून जेवा, सावकाश जेवा, पोटात थोडी जागा ठेवा आणि आपले आपण उठा. ज्यांचे गुडघे खरोखरच दुखतात त्यांनी खुर्चीवर बसावं. त्यात लाज कसली? पण खुर्चीतूनही दिवसात वारंवार उठावं. आणि घरातल्या मोठ्या माणसांना "बसा" जरूर म्हणा. मात्र ती उठायला लागली की लगेच हात पुढे करू नका. जवळ उभे राहा. त्यांना थोडा वेळ लागेल, तेवढा थांबा.