हार्लंडचा उजवा हात

हार्लंडला झटका आल्यापासून त्याची बायको व्हर्ना भेटेल त्याला एकच सांगायची, "पॅरालिसिस झालाय. उजवा हात गेला." अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरचं ते एवढंसं बंदर, बातमी फिरायला वेळ लागला नाही. बायकांनी भांडी भरभरून खाणं आणून दिलं, गड्यांनी त्याचे लॉब्स्टर पकडायचे पिंजरे पाण्यातून काढून अंगणात रचून ठेवले. आणि घास भरवण्यापासून बटणं लावण्यापर्यंत सगळं व्हर्नाने अंगावर घेतलं. प्रेमच ते, पण जरा जास्तच झालं.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या डेनीसने शेवटी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "व्हर्ना, शब्द नीट वापरा हो. पॅरालिसिस म्हणजे हालचाल पार गेली. यांना पॅरेसिस आहे. जोर कमी झालाय, हालचाल आहे. पण तुम्ही त्या हाताला कामच ठेवलं नाहीत, तर आहे तीही जाईल."

"म्हणजे माझ्यामुळे?" व्हर्नाने विचारलं. डेनीस तिचा खांदा दाबून निघून गेली.

जेवणं झाल्यावर दोघांनी रोजच्यासारखा क्रिबेजचा डाव मांडला. पत्ते खेळायचे आणि जितके गुण मिळतील तितकी घरं आपली खुंटी लाकडी पट्टीवर पुढे न्यायची. हल्ली हार्लंडची खुंटीही व्हर्नाच हलवायची.

"सहा," हार्लंडने पत्ते दाखवले. "हलव."

"तूच हलव. उजव्या हाताने."

"डोकं फिरलंय का तुझं? मेलाय तो हात."

"मेला नाही, आळशी झालाय. नाही हलवत? मग मी घेतले." आपले गुण जो मांडत नाही त्याचे समोरच्याने घ्यायचे, हा बंदरातला नियमच होता. व्हर्नाने ते सहाही खुशाल आपल्या खात्यात ढकलले.

"लाज नाही वाटत? लुळ्या माणसाला लुटतेस!"

"नाही वाटत," ती म्हणाली. खरं तर तिचा जीव तुटत होता.

पुढच्या डावात त्याला चार मिळाले. तो तिच्याकडे रागाने बघत राहिला. मग त्याचा उजवा हात टेबलावरून थरथरत, घसरत निघाला. खुंटी दोनदा निसटली. मदतीला धावणारे आपले हात व्हर्नाने मांड्यांखाली दाबून धरले. रडू आलं, ते तिने येऊ दिलं. अखेर खुंटी घरात बसली.

व्हर्नाने डोळे पुसून पट्टी पाहिली. "लबाडा, पाच घरं गेलास! एक मागे घे."

हार्लंड वाकड्या तोंडाने हसला आणि त्याने तोच हात पुन्हा उचलला.