मयताच्या घरचं पाणी

आईनं सकाळी चहा मागितला. मी आधण ठेवलं, आणि उकळी येईपर्यंत ती गेली होती. गॅस बंद केला, तिच्या नाकाशी बोट धरून पाहिलं आणि मोबाइल घेऊन अंगणात आले. पहिला फोन मावशीला केला नाही, डॉक्टरलाही नाही. माझ्याच प्लँटवर केला.

"संगप्पा, मयत हाय. गार जार भरून गाडी काढ."

"कुणाच्या घरी, ताई?" त्यानं सवयीनं विचारलं.

"आपल्या."

आणि वर म्हटलं, "पेले इसरू नको."

रेणापुरात आणि आसपासच्या गावांत कुणी गेलं की माझा फोन वाजतो. माझा शुद्ध पाण्याचा धंदा आहे. लग्नाला, बारशाला जार विकत, मयताच्या घरी फुकट. फोनवर मी दोनच गोष्टी विचारते: माणसं किती, आणि उचलणार कधी. धीर देणं मला जमत नाही, पाणी देणं जमतं. या पाण्यापायी माझे इतके सत्कार झाले की शालींची आईनं गोधडी शिवली. एका पेपरनं मला 'जलकन्या' केलं. तेव्हा आई म्हणाली होती, "कन्येला म्हणावं आधी भांडी घास."

सत्कारात हमखास विचारतात, महामायाताई, गरिबीतून वर कशा आलात? मी तीच गोष्ट सांगते. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याच उन्हाळ्यात माझे बाबा गेले. ग्यानोबा, मोंढ्यातले हमाल. दारात माणसं जमलेली आणि घरात आंघोळ घालायलाही पाणी नाही. तेवढ्यात टँकर आल्याची हाक आली. आई बाबांच्या उशाशी बसली होती, ती उठली. लुगड्याच्या चिंधीची चुंबळ करून डोक्यावर ठेवली आणि घागर घेऊन पळाली. पहिल्या खेपेच्या पाण्यानं बाबांना आंघोळ घातली. आई पुढची खेप घेऊन आली तेव्हा तिरडी बांधून झाली होती. तिचं बाबांजवळ बसणं राहिलं ते राहिलंच. पुढं मी लातूरला एका प्लँटवर जार धुतले, मग हप्त्यावर जुनं मशीन घेतलं आणि पहिल्या दिवशीच नियम केला. मयताच्या घरानं पाणी भरायचं नाही. त्यांनी फक्त बसायचं.

इथं टाळ्या पडतात. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की सांगता सांगता मनात फिल्टर कधी बदलायचा याचा विचार करू शकते.

आईला मात्र पाण्याचा भरवसा कधी वाटला नाही. लेकीचा प्लँट झाला, दारात बोअर झालं, तरी डोळा उघडला की तिचा पहिला प्रश्न, "पाणी आलं का गं?" नळ आला असेल तर उठायला हवं, म्हणून. मी चिडायची. "अगं, तुझ्या लेकीच्या जिवावर अर्धं रेणापूर पाणी पितंय, तू पड की गुमान." ती पडायची नाही.

माणसं जमू लागली. लोह्याहून पंचफुलामावशी आली. माझ्या गळ्यात पडून ती हंबरडा फोडत होती, आणि मी तिच्या खांद्यावरून संगप्पाच्या जारची गळती तोटी पाहत होते. मला वाईट वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर काहीच वाटत नव्हतं. दाढ काढताना डॉक्टर सुई देतो आणि आपलाच गाल आपला राहत नाही, तसं झालं होतं.

"रड गं लेकरा," मावशी म्हणाली.

"हाव," मी म्हटलं, आणि तोटी बंद करायला गेले.

भन्तेजींना आणायला गाडी पाठवली. मांडव लावून घेतला. ओट्यावरच्या बाया माझ्याकडं पाहून हळू आवाजात बोलत होत्या. बोलू देत. मागच्या पडवीत साड्यांचा आडोसा केला होता, आईला पाटावर घेतलं होतं.

"माया, आंघोळ घालायची हाय," मावशीनं हाक मारली. "पैला तांब्या लेकीचा असतो."

"आले. एवढा फोन करते."

थोड्या वेळानं ती बाहेरच आली. "अगं, कवाधरनं काय करायलीस? आंघूळ झाली की नेतेत तिला. मंग कुणाजवळ बसशील?"

"पेले कमी पडायलेत मावशी, तुमी घाला तवर."

मावशी काय म्हणते ते मला कळत होतं. मीच तर हे हजार लोकांपुढं माइकवर सांगते. तरी पाय आत वळत नव्हता. फोन कानाला होता तोवर मी प्लँटची मालकीण होते. आत गेले असते तर आई मेलेली असती.

तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. लातूरचा शारिक. त्याचे अब्बा, गुलाम रसूल, सायकलवर बर्फ विकायचे. ते गेले तेव्हा पाणी मीच नेलं होतं. चाळिसावा झाल्यावर पोरगा माझ्या दारात आला, ताई मला पण शिकवा म्हणून. शिकवलं, जुनं मशीनही दिलं. लोक म्हणाले, बाई स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेय. आता त्याचा प्लँट माझ्याहून मोठा आहे.

त्यानं मला सलाम केला नाही, रडलाही नाही. सरळ संगप्पाकडं गेला. "तुमचे जार गाडीत घाला. परत न्या."

"का?" माझा आवाज चढला. "माझ्या आईचं मयत हाय."

"म्हणूनच की. कायदा तुमचाच हाय ताई. मयताच्या घरानं पाणी भरायचं न्हाई." त्यानं हात पुढं केला. "फोन द्या इकडं."

मला त्याचा राग आला. दिवसभरातलं तेवढंच काहीतरी आलं. पण फोन मी दिला.

"माणसं किती?" त्यानं विचारलं. अगदी माझ्याच सुरात.

"दोनशे धर."

"उचलणार कधी?"

मी तोंड उघडलं. उत्तर मला माहीत होतं, दुपारी, ऊन कलल्यावर. पण शब्द बाहेर येईना. हा प्रश्न मी किती घरांत विचारला असेन, आणि लोक गप्प झाले की मला वाटायचं, यांचं अजून ठरलं नसेल.

शारिकनं माझा फोन खिशात घातला. मग म्हणाला, "बसा जाऊन. बाहेरचं मी बघतो."

मी आडोशाच्या आत गेले. मावशीनं तांब्या भरून दिला. शारिकच्या जारमधलं पाणी, लातूरचं. मी ते आईच्या डोक्यावर ओतलं. केस पाण्यानं दुभंगले आणि मधोमध टाळू उघडी पडली. तिथं केस जवळजवळ नव्हतेच, आणि कातडी टाचेसारखी निबर झाली होती. चुंबळीची जागा. मी हात ठेवला. इतक्या वर्षांत मी तिच्या डोक्यावरून कधी हात फिरवला नव्हता, फिरवायची ती. माइकवरच्या माझ्या गोष्टीत चुंबळ होती, घागर होती, हे नव्हतं. घागर उतरून इतकी वर्षं झाली, तरी आई रोज सकाळी उठतच राहिली होती.

मावशी म्हणाली, "आटप माया, भन्तेजी आले."

मी आईच्या कानाशी वाकले.

"आई, पाणी आलंय," मी म्हटलं. "तू उठू नको."

आणि तिथंच ओल्या फरशीवर तिच्याजवळ बसले.