थंडीचे अर्धे पैसे

सहासष्ट उलटलेल्यांना घर गरम ठेवायला सरकार दर हिवाळ्यात पैसे देतं. यंदा माझे अर्धेच आले. मी न्हाणीघराची कडी लावून ऑफिसला फोन केला, कारण डेरिकला मी माझं वय एकोणसाठ सांगितलं होतं. नाचाच्या क्लबात ओळख झाली आणि उन्हाळ्यात तो माझ्याकडेच राहायला आला.

"माझे अर्धे पैसे कुणाच्या घशात घातलेत?" मी दबक्या आवाजात फोनवरच्या मुलीला झापलं.

"चिडू नका आजी. एका घरात दोन म्हातारी माणसं असली, की पैसे निम्मे निम्मे होतात."

"आजी कुणाला म्हणतेस गं? आणि दुसरं म्हातारं कुठून आणलंस? इथे फक्त मी आणि डेरिक. तो अठ्ठावन्नचा आहे!"

"नाव नाही सांगता येणार," ती हळूच म्हणाली, "पण पत्ता तुमचाच आहे."

मी मटकन टबाच्या काठावर बसले. ते काळेभोर केस! जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढणं! मेल्यानं मला चक्क बनवलं होतं. त्याची खरडपट्टी काढायला मी तरातरा खाली गेले.

स्वयंपाकघरात डेरिक पाठमोरा उभा राहून फोनवर कुजबुजत होता, "अहो, काहीतरीच काय! ती तर एकोणसाठची आहे!"