अकरा शाबूत, मी एक तुटलेली

एक विचारू? भरवसा कोणावर ठेवाल? कधीच न मोडणाऱ्यावर, की वेळ आली की कटकन मोडणाऱ्यावर? उत्तराची घाई नाही. आधी माझं ऐकून घ्या. आजवर कुणी धड ऐकून घेतलेलं नाही, आणि त्याचा राग अजून माझ्या दोन्ही तुकड्यांत शिल्लक आहे.

मी एक काचपट्टी बोलतेय. वीतभर लांब, दोन बोटं रुंद.

भट्टीतलं मला काही आठवत नाही. मला अक्कल आली ती नेपल्समध्ये, डोन्ना रेस्तितूता यांच्या हातमोज्यांच्या दुकानात. तेव्हा मी पट्टी नव्हते, काउंटरवरची अख्खी काच होते. गिऱ्हाईक यायचं, माझ्यावरच्या छोट्या उशीवर कोपर टेकून बोटं वर करायचं. डोन्ना लाकडी चिमट्याने मोज्याची बोटं फाकवायच्या आणि तो त्या हातावर अलगद उतरवायच्या. एकतीस वर्षं मी हे पाहिलं. तोंड काहीही बोलो, हात खोटं बोलत नाही. एका बाईंनी एकदा सात जोड घालून पाहिले आणि म्हणाल्या, "उद्या येते हं." डोन्ना हसून म्हणाल्या, "या की! फक्त हात हेच घेऊन या." बाई जागच्या जागी लाजल्या आणि एक जोड घेऊन गेल्या.

पुढे माझ्या कोपऱ्यावर लोखंडी इस्त्री पडली. गल्लीतले काचवाले मास्त्रो कातेल्लो आले, नवी काच बसवून मला घेऊन गेले. त्यांच्या दुकानात मी भिंतीला टेकून पडून राहिले.

याच काळात आमच्या चौकात भुयारी रेल्वेचं खोदकाम चालू होतं. स्थानक तीन वर्षांत होणार होतं. आता नववं चालू होतं. मास्त्रो म्हणायचे, "आमच्या गावात खणलं की आधी रोमन निघतात, त्यांच्याखाली ग्रीक, आणि सगळ्यात खाली ठेकेदार. तो मात्र कुणाला सापडत नाही."

मग बोगद्याचं यंत्र नेमकं डोन्नांच्या इमारतीखालून जाणार असं ठरलं. नऊ बिऱ्हाडांची जुनी इमारत, पिवळ्या मऊ दगडाची. जिन्यात आधीच तडे होते. अशा वेळी नियम असा की प्रत्येक तड्यावर आडवी काचपट्टी बसवायची. दोन्ही टोकं जिप्समच्या गोळ्यांत दाबायची आणि ओल्या जिप्समवर खिळ्याने तारीख कोरायची. भिंत केसभर जरी हलली तरी काच मोडते. बस, एवढंच आमचं काम. वाकायचं नाही, ताणायचं नाही, भिंत हलली की मोडायचं.

ठेकेदाराचा सर्व्हेअर स्पेरान्देओ मास्त्रोंकडे आला. मास्त्रोंनी मला कापून बारा पट्ट्या केल्या. म्हणजे आम्ही बाराजणी एकाच पोटच्या, हे लक्षात ठेवा.

मास्त्रोंनी बजावलं, "साहेब, गिलावा खरवडा आणि दगडावर बसवा. गिलावा जुना आहे, फुगलाय. त्याचं नि भिंतीचं कधीच वेगळं बिऱ्हाड झालंय."

स्पेरान्देओने घड्याळ पाहिलं. जेवणाची वेळ होत आली होती. माझ्या अकरा बहिणी वरच्या मजल्यांवर सरळ गिलाव्यावर चिकटवून तो खाली आला. दुकानाच्या दाराशेजारी जिन्याखालच्या तड्यावर मला लावायचं होतं. पण तिथे डोन्ना हाताची घडी घालून उभ्या.

"खरवडा."

"डोन्ना, त्याने काय फरक पडतो?"

"मी गिऱ्हाइकाच्या हाताचं माप कोटाच्या बाहीवरून घेते का? खरवडा म्हणते ना!"

त्याने तोंड वाकडं करत खरवडलं. अशी मी एकटी दगडावर बसले. बारा मार्च, अशी तारीख कोरली गेली.

तेराव्या दिवशी भर दुपारी, दुकानाचं शटर अर्धं खाली, वरून कुणाच्या तरी कांद्याच्या रश्शाचा वास येत होता. यंत्र अजून दोन गल्ल्या लांब होतं. आणि दगड हलला. केसभर. मी मोडले. खोटं कशाला सांगू, मोडताना मला अभिमान वाटला. म्हटलं, आता धावपळ होईल. शुक्रवारी यंत्र इमारतीखाली यायच्या आत माणसं बाहेर काढतील. तिसऱ्या मजल्यावर डॉन सोस्सिओ अंथरुणाला खिळलेले होते, जुने ट्रामचालक. त्यांना तर खुर्चीत बसवूनच उतरवावं लागलं असतं.

धावपळ कसली! स्पेरान्देओ दुसऱ्या दिवशी आला. वरच्या अकरा पाहून आला, सगळ्या शाबूत.

"एक मोडली आणि अकरा शाबूत," तो म्हणाला. "डोन्ना, तुम्हीच सांगा, कोणाचं ऐकू? ही वापरलेली काच. सदोष होती."

मास्त्रो दारातच होते. "सदोष? बाराही एकाच काचेच्या! एक सदोष तर बाकीच्या काय देवाने पाठवल्या?"

"मग शटर जोरात पडलं असेल."

"शटर गेली चाळीस वर्षं पडतंय," डोन्ना म्हणाल्या. "भिंत काल पडायला लागलीय!"

त्याने ऐकलंच नाही. मला उपटून जमिनीवर टाकलं. थोडं वर, न खरवडलेल्या गिलाव्यावर, नवी पट्टी चिकटवली. आणि नव्या जिप्समवर कोरली तारीख: बारा मार्च! माझी तारीख! म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, ही पहिल्या दिवसापासून अशीच शाबूत आहे. वहीत लिहिलं, 'काच सदोष. बदलली. हालचाल नाही.'

मला सांगा, चोरी फक्त पैशाची असते का? मी आयुष्यात एकदाच खरं बोलले, आणि त्या एका वाक्यावर या माणसाने बोळा फिरवला.

डोन्नांनी माझे दोन तुकडे उचलले, मोज्यांच्या खोक्यात मऊ कागदावर ठेवले आणि फोन फिरवला. ठेकेदाराच्या मोठ्या इंजिनिअर मार्तुशेल्लीबाई गुरुवारी सकाळी आल्या. मागोमाग वही काखेत घेऊन स्पेरान्देओ.

"वहीत तर सगळं ठीक दिसतंय," बाई म्हणाल्या.

डोन्नांनी काउंटरवरचा एक मोजा उचलला, उलटा केला आणि अस्तर चिमटीत धरून ओढलं. "बाई, हे अस्तर. आणि हे कातडं. कातडं फाटलं तरी अस्तर शाबूत राहतं, बघा. तुमच्या माणसाने अस्तराचं माप घेतलंय."

"डोन्ना, हे हातमोज्यांचं दुकान नाही..." स्पेरान्देओ म्हणाला.

"मग काय आहे? मासळीबाजार?" असं म्हणत त्या भिंतीपाशी गेल्या. बोटाच्या पेराने ठोकलं. भोपळ्यासारखा पोकळ आवाज आला. त्यांनी मोज्याची बोटं फाकवायचा तो लाकडी चिमटा गिलाव्याच्या कडेखाली सरकवला आणि मूठ दाबली.

ताटाएवढा गिलावा एकसंध सुटला आणि सरळ स्पेरान्देओच्या छातीवर आला. त्याने तो दोन्ही हातांनी झेलला. त्यावर ती नवी पट्टी, बारा मार्च मिरवत, अगदी शाबूत! आणि मागे दगडात तडा असा की मार्तुशेल्लीबाईंनी त्यात बोट घातलं, ते दुसऱ्या पेरापर्यंत गेलं.

दारात उभे असलेले मास्त्रो हळूच म्हणाले, "साहेब, सांभाळा हं. नवी काच आहे, मोडेल."

यंत्र त्याच तासाला थांबवलं. दुपारपर्यंत नऊ बिऱ्हाडं खाली आली. डॉन सोस्सिओंना चौघांनी खुर्चीत बसवून उतरवलं, ते जिनाभर ओरडत होते, "माझी ट्राम यायची तेव्हा घंटा वाजवून यायची! माणूस बाजूला व्हायचा! ही चोरपावलांनी येणारी कसली गाडी?"

पायाखाली सिमेंट भरलं, भिंतींना टेकू दिले. इमारत उभी राहिली. आठ महिन्यांनी आठ बिऱ्हाडं परतली. डॉन सोस्सिओ नाही परतले. भाचीच्या घरी, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेले, आणि तिथेच वारले.

म्हणाल, मग आता राग कसला? अहो, ती ओळ! भिंतीतला तडा तासाभरात फळ्या ठोकून झाकला होता. ठेकेदाराने पुढच्या पानावर लिहिलं, 'दुकानदाराच्या तक्रारीवरून, खबरदारी म्हणून.' माझी ओळ तशीच राहिली: सदोष, हालचाल नाही. वही म्हणते भिंत हललीच नाही, मग लोकांनी काय समजायचं? जिन्यात बायका ऐकवतात, "डोन्ना, तुमच्या एका काचेपायी आठ महिने पाठीवर बिऱ्हाड!" आणि डॉन सोस्सिओंची भाची डोन्नांना चौकात ओळख देत नाही. ज्या बाईने म्हाताऱ्याला ढिगाऱ्याखाली गाडलं जाण्यापासून वाचवलं, तिच्याच माथी त्याचं परक्या घरातलं मरण.

स्थानक सुरू झालं. भाषणं झाली, फिती कापल्या. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी डोन्ना मला खोक्यात घालून त्याच गाडीने ठेकेदाराच्या कार्यालयात जातात. परवा खिडकीवरचा कारकून म्हणाला, "डोन्ना, गाडी चाललीय, इमारत उभी आहे. आता एका ओळीने काय बिघडतंय?"

"बिघडतंय ते तुझ्या वहीत बिघडतंय, बाळा," डोन्ना म्हणाल्या. "पुढचा चौक खणाल तेव्हा हीच वही उघडाल ना? आणि पुन्हा गिलाव्यावर काच चिकटवाल!"

तो पुढच्या महिन्यात या म्हणाला. येऊ.

माझ्या दोन तुकड्यांच्या कडा अजून एकमेकींत बरोबर बसतात; डोन्ना कधी कधी जुळवून बघतात. माझ्या अकरा बहिणींना मी दोष देत नाही. त्यांना जिथे लावलं तिथून भिंत दिसतच नव्हती. पण तुम्हाला हात आहेत, आणि हात खोटं बोलत नाही हे मी एकतीस वर्षं पाहिलंय. तुमच्याही हाताशी कुठली ना कुठली वही असेल. तिच्यात मोडलेल्याला मोडलेलं लिहा. ज्या दिवशी मोडलं तोच दिवस लिहा. आणि नव्या काचेवर जुनी तारीख कोरू नका, एवढंच मागते.